चाकांवरची बेडरूम

मी त्या बाईवर जळत होते. हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक त्याला धुऊनपुसून घेतात, आणि त्याच पाण्यात स्वतःलाही. मला तसलं जमत नाही. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिची गाडी भाच्यांनी विकली, आणि वणीच्या रस्त्यावर त्याच गाडीत आता एक जण ट्रकवाल्यांना आमलेट-पाव देतो. मी एकदा मुद्दाम उतरून पाहून आले. जळणं काही कमी झालं नाही.

गाव तिला सिस्टर म्हणायचं. नाव होतं, पण ते रजिस्टरात. मारेगावकडच्या आमच्या गावात ती उपकेंद्राची नर्स म्हणून आली तेव्हा ती पंचविशीची होती आणि मीही. ती मूळची तांड्यावरची, बंजारा. आम्ही कुणबी, घरी कापूस आणि तूर. माझी दोन्ही लेकरं तिच्या हातची. तेव्हा मी जळत नव्हते. बाळंतपणात कोण जळतं.

तिची भेटायची रीत वेगळी होती. नमस्कार नाही, बसा नाही. समोर आली की सरळ हात पुढं करायची आणि माणसाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत पाहायची. आत लाल दिसलं तर "ठीक हाये" म्हणायची, पांढरं दिसलं तर शिव्या द्यायची. लग्नात स्टेजवर जाऊन तिनं नवरीची पापणी ओढली होती. नवरदेवाचीही ओढली. पुढं पुढं अशी गत झाली की ती गल्लीतून येताना दिसली की बायका आपणच डोळा ओढून उभ्या राहायच्या. मग ती लांबूनच मान हलवून निघून जायची.

घरात शिरली की स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा उघडायची. खडेमीठ दिसलं की, त्यात आयोडीन नाही म्हणून, तिथंच भांडण. एकदा माझ्या सासूनं विचारलं, "तुले सासर नाही काय वं, लोकायचे डबे उघडत फिरतं?" तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "होतं ना. आठ दिवस होतं. गोळ्यायचा कोर्स अर्धा सोडू नका म्हणतो ना मी साऱ्यायले? जन्मात तेवढा एकच कोर्स मी अर्धा सोडला." सासू दोन दिवस हसत होती. माझ्या एकाही बोलण्यावर ती म्हातारी कधी हसली नव्हती.

नोकरीभर ती उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिली. क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही असा नियम होता. तो नियम कोणी पाळत नव्हतं. तिच्या आधीच्या नर्सनं त्या भिंतीची चाळणी केली होती. पण ही पाळायची. आरसा खिडकीत, कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला, पिशव्या दाराच्या कडीला. भिंतीवरचं घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं असायचं. वेळ पाहायची तर विहिरीत डोकवावं तसं वाकावं लागे. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, ठोका ना एक खिळा. कोण पाहून राह्यलं?"

"भिंत माही नाही ना वं," ती म्हणाली. "जमीन कोणाचीबी असो, भिंत आपली पायजे."

आम्हाला ते उलटं वाटायचं. आमच्यात माणूस आधी जमीन पाहतो, भिंत मागून. पण तिच्या आजोबाच्या वेळेपर्यंत तिची माणसं बैलांवर गोण्या लादून मीठ, धान्य नेत फिरलेली. जमिनीचं तिला कौतुक नव्हतं. बापाच्या शेतातला हिस्सा तिनं भावांना सोडला तो हसत सोडला.

रिटायर झाली त्या संध्याकाळी तिनं दोन गोष्टी केल्या. दहाही नखांना लालभडक नेलपॉलिश लावलं, कारण ड्यूटीवर ते चालत नव्हतं. आणि लोहाऱ्याच्या कारखान्यात कामगार ने-आण करणारी एक जुनी सतरा सीटची गाडी घेतल्याचं सगळ्यांना सांगितलं. गाडी चालवायला ती अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून कधीच शिकून बसली होती. आठ दिवसांनी ती गाडी स्वतः चालवत गावात आली आणि आमच्या आवारात, निंबाखाली, उभी केली. तिनं परवानगी विचारली होती. आमच्या ह्यांना. मला कोणी विचारलं नाही.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. माझा नवरा वणीच्या कोळसा खाणीत वर्कशॉपमध्ये फिटर होता. सकाळी डबा घेऊन बसनं जायचा, संध्याकाळी यायचा. मोठमोठ्या मशिनी ह्यांनी उघडल्या आणि जोडल्या असं लोक सांगतात. मी पाहिलं नाही. आमच्या घरात ह्यांनी आजवर एक खिळा ठोकला, कॅलेंडरचा, आणि तो वाकडा आहे. घरी बोलणं म्हणाल तर "मीठ," "पाणी," आणि "आलो." रिटायर झाल्यावर "आलो" पण गेलं, कारण कुठं जातच नव्हते. आमचा टीव्ही पुढच्या खोलीत लोखंडी पेटीवर. माझे गुडघे दुखतात, मला पडून पाहायचा असतो. मी म्हटलं होतं, झोपायच्या खोलीत भिंतीला लावून द्या. हे भिंतीकडे न पाहताच म्हणाले, "भिंत कच्ची हाये." विटांची भिंत. माझ्या डोळ्यांदेखत बांधलेली.

सिस्टरनं गाडीतल्या सीटा काढून टाकल्या. मागच्या अर्ध्या भागाला प्लायवूडची आडभिंत घातली, तिला दार लावलं. दाराच्या आत डावीकडे लांब पलंग. ती बेडरूम. पुढं गॅसची शेगडी आणि दोन सीटा, तो हॉल. चपला बाहेर काढायच्या. बेडरूममध्ये शिरताना ती स्वतःच्याच दारावर टकटक करायची. मी विचारलं, आत कोण आहे म्हणून वाजवता. म्हणाली, "कोणीच नाही. तेच ऐकाले बरं वाटते."

मग तिनं वणीहून टीव्ही आणला आणि ह्यांना हाक मारली. "भिया," असं ती ह्यांना म्हणायची. त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. मला ते माहीत होतं. भाऊ म्हटलं म्हणून जळणं थांबत असतं तर जगात नणंदा-भावजयांची भांडणं झाली नसती.

"भिया, बेडरूमच्या भिंतीले टीव्ही लावाचा हाये. जमते काय?"

हे बाजेवरून उठले. ते उठणं मी पाहिलं. लग्नानंतर पहिल्या वर्षातही हे माझ्या हाकेवर असे उठले नव्हते.

घराची भिंत आणि गाडीची भिंत यांत फरक असतो, हे मला तेव्हा कळलं, तेही ह्यांनी मला सांगितलं म्हणून नाही, तिला सांगत होते ते मी गाडीच्या दारातून ऐकलं म्हणून. गाडीची भिंत म्हणजे दोन पातळ पत्रे. मध्ये पोकळ. पत्र्यात स्क्रू मारला तर पहिल्या खड्ड्याला टीव्ही खाली. पत्र्याच्या आत ठरावीक अंतरावर लोखंडी अँगल उभे असतात, ते शोधायचे आणि त्यांच्यातून बोल्ट आरपार घ्यायचा.

"म्हणजे बरगडीत," सिस्टर म्हणाली.

"हं. बरगडीतच," हे म्हणाले.

चाळीस वर्षं ज्याला हे अँगल म्हणत आले त्याला त्या दिवसापासून बरगडी म्हणू लागले.

बरगडी शोधायची तर बोटानं ठोकून ऐकायचं. सिस्टरला ते येत होतं, ती लोकांची पोटं आणि छात्या तशाच ठोकायची. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघंही भिंतीला कान लावून उभे होते. ह्यांचं तोंड तिकडून, तिचं इकडून, मध्ये एक वीत.

"टक, टक. इथं पोकळ."

"अजून थोडं इकडं, सिस्टर."

"टक. आली बरगडी. ऐकली काय, भिया?"

"ऐकली."

आणि हे हसले. दात दिसतील असे. मी चहा शेगडीजवळ ठेवला आणि आले. तो चहा थंड झाला तरी दोघांनी घेतला नाही. नंतर कप आणायला मीच गेले.

दुसऱ्या दिवशी तिनं बाळं मोजायचा काटा काढला. निंबाच्या फांदीला काटा लटकवला, त्याच्या झोळीत टीव्ही निजवला आणि चष्मा लावून आकडा पाहिला. "पाच किलो दोनशे," ती म्हणाली. "तीन महिन्याचं पोर. तब्येत बरी हाये." मग तेवढीच तुरीची डाळ मोजून पिशवीत भरली आणि ह्यांना सांगितलं की टीव्ही उजव्या भिंतीला लागतो तर ही पिशवी डाव्या भिंतीला लागली पाहिजे, बरोबर समोर, तेवढ्याच उंचीवर.

हे म्हणाले, "सिस्टर, गाडी दोन टनाच्या वर हाये. पाच किलोनं तिले काय होते?"

"बैलबी मोठाच रायते. माहा आजा सांगे, एका अंगाले गोणी जड झाली का बैल बोलत नाही, नुसता लंगडते. मंग दहा कोसानं बसते."

मला वाटलं हे आता उठून येतील. असल्या गोष्टींवर हे बोलत नाहीत, उठून जातात. मी एकदा नव्या कपाटाचं तोंड पूर्वेला करा म्हटलं तेव्हा गेले होते. पण ह्यांनी डाव्या भिंतीची बरगडी शोधली, तिथं हुक बसवला आणि डाळीची पिशवी टांगली. दोन पावलं मागं सरकून एक डोळा मिटून पाहिलं, आणि पिशवी बोटभर वर घेतली.

शेजारीण नळावर मला म्हणाली, "तुह्या घरचे सिस्टरच्या बेडरूममधी दिसले वं."

"टीव्ही लावून राह्यले."

"किती दिवस लागते एक टीव्ही लावाले?"

"तुह्या घरच्याले विचार. त्यायले लावता येत असन तर," मी म्हटलं आणि हंडा भरायच्या आधीच उचलला.

पाचव्या दिवशी टीव्ही लागला. चार बोल्ट, चार नट, खाली नट सुटू नये म्हणून स्प्रिंगचे वायसर, म्हणजे वॉशर. वायर आमच्या घरातून नेली होती. सिस्टर पलंगावर आडवी झाली, पायावर पाय टाकला आणि भिंतीकडे पाहत राहिली. टीव्ही अजून चालू केला नव्हता. काळी पाटी नुसती. तरी पाहत होती. मग लावला तर तिनं तमिळ सिनेमा लावला. मी म्हटलं, तुम्हाला समजते काय.

"नाही. म्हणून तर. समजलं का मंग त्यायचं खोटंबी समजते."

त्या दिवशी हे जेवायला बसले तेव्हा मला ह्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि बोटावर लाल नेलपॉलिश दिसलं. वाळलेलं. भाकरी मोडताना चमकत होतं. मी विचारलं, "हे काय?"

"काय कुठं?"

"बोटाले."

ह्यांनी बोट पाहिलं, लुंगीला पुसलं. निघालं नाही. "कामाचं हाये," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

कामाचं. मी पाणी दिलं. माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथं लिहीत नाही. साठीला आलेल्या बाईच्या डोक्यात तसलं येऊ नये असं लोकांना वाटतं. येतं.

जेवण झाल्यावर ह्यांनी पुढचं सांगितलं. सिस्टर आदिलाबादकडे बहिणीकडे निघणार होती, आठ दिवस, पहिली खेप. पांढरकवड्याकडून रस्ता खराब. टीव्हीचं काम टिकतं की नाही ते पाहायला तिनं ह्यांना सोबत चल म्हटलं होतं.

"मंग?" मी विचारलं.

"पाहू," हे म्हणाले. आणि सकाळी मला दिसलं की ह्यांची जुनी वर्कशॉपची बॅग धुऊन दोरीवर वाळत घातली आहे. स्वतः धुतलेली. माझं माहेर राळेगावकडचं, दीड तासाचा रस्ता. हे शेवटचे तिथं माझ्या भावाच्या लग्नाला आले होते, आणि त्या भावाला आता नातवंडं आहेत.

त्या दिवशी दुपारी दोघं टायरवाल्याकडे दुसरा जॅक आणायला तिच्या स्कूटीवर मारेगावला गेले. गाडीला कुलूप नव्हतं, ती लावतच नसे. मी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून एक पाना घेतला, पदराखाली धरला आणि आत गेले. आत जाताना मी दारावर टकटक केली नाही.

माझा विचार सरळ होता. आठ दिवसांची खेप राहू द्या, पांढरकवड्याच्या आधीच टीव्ही खाली यावा. मग ती म्हणेल, काय काम केलं भिया. मग हे परत तिच्या हाकेवर उठणार नाहीत. ह्यांच्या हातचं काम आजवर कधी निसटलं नव्हतं, सगळं वर्कशॉप तसं सांगायचं, आणि तेच मला पाडायचं होतं. टीव्हीशी माझं वैर नव्हतं.

नट जड होते. पाना घसरत होता. दोन नट मी दोन-दोन आटे मागं आणले. तिसऱ्याला हात पोचला नाही. नटांवर आणि खालच्या लोखंडावर लाल काहीतरी लागलेलं होतं, मला वाटलं रंग सांडला असेल. घरी येऊन पाना जागेवर ठेवला आणि वांगी चिरायला बसले. फोडी एकसारख्या पडल्या. खोटं कशाला सांगू.

सकाळी सिस्टरनं हाक मारली. हे तिकडे आवाराच्या टोकाला पाण्याची टाकी धूत होते. ती हाक ह्यांना नव्हती, मला होती.

आत गेले तर तिनं आधी माझी पापणी ओढली. "रक्त तं बरं हाये," म्हणाली. "मंग हे काय?" आणि टीव्हीच्या मागं बोट केलं.

प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडावर एक बारीक लाल रेघ ओढलेली होती. तिच्या नेलपॉलिशची. दोन नटांवरची रेघ सलग होती. दोन नटांवरची तुटून अर्धी इकडं, अर्धी तिकडं गेली होती.

"भियानं ओढून देल्ल्या," ती म्हणाली. "खाणीत असंच करत म्हणे. नट कसला का त्याच्यावरून रंगाची रेघ मारायची. रोज सकाळी रेघ पाहायची. तुटली म्हणजे नट फिरला. आपोआप फिरत नाही म्हणला, खाली स्प्रिंगचा वायसर हाये."

म्हणजे ह्यांच्या बोटांवर जे चमकत होतं ते हे होतं.

"मी बोंब मारली असती, भियाचं काम ढिलं निघालं म्हणून, तं तुले बरं वाटलं असतं काय?"

"हो," मी म्हटलं.

ती हसली नाही. पलंगावर बसली आणि मलाही बस म्हणाली. मी उभीच राहिले.

"तुमच्यापाशी बोलते तो," मी म्हटलं. "घरी बोलत नाही."

"माह्यापाशी कुठं बोलते? मी विचारतो, तो सांगते. हा नट कायचा, तो वायसर कायचा. तू विचारलं काय कधी?"

"मले काय करायचं नटाचं?"

"मले तरी काय करायचं हाये?" ती म्हणाली. "पण विचारलं."

मला तिचा तेव्हा फार राग आला. इतक्या वर्षांत मला जे सुचलं नाही ते हिला पाच दिवसांत जमलं, आणि वर ते मलाच शिकवत होती. मी म्हटलं, द्या इकडे पाना, मी ढिले केले, मीच कसते. तिच्याकडे पाना नव्हता. मी घरी जाऊन कालचाच घेऊन आले.

पहिला नट कसला. दुसरा कसताना राग होता हातात. कसत गेले, कसत गेले, आणि मग पाना एकदम हलका झाला. नट फिरतच राहिला, गोल, जागच्या जागी. आतले आटे गेले होते. सिस्टरनं नटाला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "मेला हा." मग दारातून डोकं बाहेर काढून ह्यांना हाक मारली.

मी तिला म्हटलं, "सांगू नका."

"मी कायले सांगू? त्याले डोळे हायेत."

हे ओले हात पुसत आले. चष्मा वर केला. नटावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या नटावरून. नटांचे कोपरे घासून गोल झाले होते. तुटलेल्या रेघा पाहिल्या. मग माझ्या हातातला पाना पाहिला. सिस्टर आमच्याकडे पाठ करून शेगडीवर चहा ठेवत होती आणि पातेल्याचा गरजेपेक्षा जास्त आवाज करत होती.

"तोंड कोणतं लावलं?" ह्यांनी मला विचारलं.

"काय?"

"पान्याले दोन तोंडं असते. एकीकडं बारा, एकीकडं तेरा. तू कोणतं लावलं?"

"मले काय माहीत. मोठं होतं ते."

"ते तेरा. हा नट बाराचा हाये. म्हणून घसरला."

एवढंच. का केलं ते विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि आजपर्यंत नाही. पेटीतून नवा बोल्ट आणि नट आणला. मला टीव्ही खालून दोन्ही हातांनी धरायला लावला. जुना बोल्ट काढला, नवा घातला, नट बोटानं फिरवून बसवला आणि पाना माझ्या हातात दिला. बाराचं तोंड माझ्याकडे करून दिला.

"घाई नको. नट बसला का हाताले कळते. मंग अर्धा आटा अजून. मंग थांबायचं."

मी फिरवला. हे माझ्या हाताकडे पाहत होते. "थांब," म्हणाले. मी अजून थोडा फिरवायला गेले. "थांब म्हटलं ना. अजून फिरवला तर हाबी मरन."

मी थांबले. विचारलं, "अर्धाच काहून? पूर्ण काहून नाही?"

खरं सांगते, मला जाणून घ्यायचं नव्हतं. सिस्टर पाठमोरी होती, पण तिचं पातेलं वाजायचं थांबलं ते मला ऐकू आलं. हे सांगत बसले. लोखंड ताणलं जातं म्हणे, रबरासारखं, पण डोळ्याला दिसत नाही. ताणलेलं असतं तोवर धरून ठेवतं. जास्त ताणलं तर सुटतं. बराच वेळ सांगत होते. मला अर्धं समजलं. चहा झाला, तो ह्यांनी गरम असतानाच घेतला.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "सिस्टर, पहिल्या खेपेले मी नाही येत. हिले घेऊन जा."

"हिले?"

"हिले आता नट समजते."

मी म्हटलं, "मले विचारलं काय कोणी?"

"पाना विचारून नेल्ता काय?" हे म्हणाले.

सिस्टर तेव्हा हसली, इतकी की तिला पलंगाचा आधार घ्यावा लागला. मी हसले नाही. मला तिच्यासोबत आठ दिवस काढायचे नव्हते. त्या पलंगावर तिच्या शेजारी निजायचं नव्हतं, तिचे तमिळ सिनेमे पाहायचे नव्हते. पण नाही म्हटलं असतं तर हे गेले असते. बॅग वाळलेली होती.

ती बॅग मीच भरली, माझ्या लुगड्यांनी. ह्यांनी विचारलं, "भाकरीचं काय?"

"पीठ डब्यात हाये," मी म्हटलं. "पाणी घालायचं. घाई नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सिस्टरनं गाडी सुरू केली, मी तिच्या शेजारच्या सीटवर. गाडी फाटकातून बाहेर वळली तेव्हा माझ्या बाजूच्या आरशात मला हे दिसले. फाटकाशी उभे होते. हात हलवला नाही, तसली सवय नाही. पण नजर हलत नव्हती. असं टक लावून ह्यांनी मला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, लग्नातही नाही, लग्नात झोप आली होती म्हणे. मी पदर नीट केला. सिस्टरला कळायला हवं होतं.

"पाहून राह्यले," मी तिला म्हटलं.

तिनं मान वाकडी करून माझ्या आरशात पाहिलं.

"टायर पाहून राह्यला तो," ती म्हणाली. "मागच्यात हवा कमी असन."

पुढच्या पंपावर उतरून पाहिलं. होती कमी.